एक हजार नऊशे त्रेचाळीस पावलं सांभाळणारी डिस्क

मी एक जुनी हार्ड डिस्क आहे, मित्रांनो. दिसायला म्हणाल तर धातूचा चपटा डबा. हातात घेतलंत तर ‘हे एवढंच?’ असं म्हणाल. पण आत माझ्या चकत्या मिनिटाला सात हजार दोनशे फेरे घेतात, आणि त्यांच्यावरचं लिखाण वाचणारं टोक केसाच्या जाडीहूनही कमी अंतरावरून, न टेकता, तरंगत जातं. टेकलं की संपलंच! अकरा वर्षांत ते एकदाही टेकलेलं नाही. हे कसं जमतं, देव जाणे. रोज सकाळी फिरायला लागले की माझी मीच थक्क होते.

मला जिथं बनवलं तिथं धुळीच्या कणालासुद्धा आत यायची परवानगी नव्हती. आणि नशीब बघा, तिथून निघाले ती थेट चामड्याच्या भुशात येऊन पडले! ताईंच्या जोड्यांच्या कार्यशाळेत, टेबलाखाली जमिनीवर ठेवलेल्या कॉम्प्युटरच्या पोटात.

ताई साधे जोडे करत नाहीत. कुणाचा एक पाय आखूड, कुणाची बोटं वाकलेली, कुणाच्या तळव्याला जखम, अशी माणसं त्यांच्याकडे येतात. ताई कागदावर पाऊल आखून घेतात, चहूबाजूंनी मापं घेतात आणि माझ्यात लिहून ठेवतात. अशी एक हजार नऊशे त्रेचाळीस पावलं माझ्याजवळ आहेत. आकडा विषम कसा, असं विचाराल. काही जणांना एकच पाय आहे, मित्रांनो.

मग तो आखलेला कागद कुठं जातो? माप माझ्यात उतरलं की ताई तो चुरगाळून त्याच माणसाच्या नव्या जोड्याच्या टोकात कोंबत, म्हणजे टोक दबत नाही. “डिस्कमध्ये आहे की सगळं!” असं म्हणत. केवढी फुशारून जायची मी तेव्हा! सगळी भिस्त माझ्या एकटीवर आहे, यात भिण्यासारखं काही असतं हे मला कुठं ठाऊक होतं?

ताईंचे यजमान टेलिफोनचे मेकॅनिक होते, आता निवृत्त. गिऱ्हाइकं त्यांना भाऊजी म्हणतात, मीही म्हणते. माणूस लाखमोलाचा, पण हात स्वस्थ बसत नाहीत. फर्मवेअर, म्हणजे कॉम्प्युटरला जागं करणारा मूळ प्रोग्रॅम, नवा घ्या अशी सूचना चार दिवस पडद्यावर येत होती. शनिवारी दुपारी भाऊजींनी तो घेतला.

कॉम्प्युटर पुन्हा सुरू झाला. मी नेहमीसारखी फिरू लागले, पहिली पानं त्याच्या हातात दिली, आणि मध्येच सगळं कोसळलं. निळा पडदा. पुन्हा सुरू, पुन्हा निळा. मी ठणठणीत होते हो! पण मला विचारणाऱ्याची रीतच बदलली होती. मी जीव तोडून सांगत होते आणि समोरच्याला एक अक्षर कळत नव्हतं.

“अगं, डिस्क गेली वाटतं,” भाऊजी म्हणाले.

ताईंनी हातातलं काम खाली ठेवलं. शाळेच्या बसचे ड्रायव्हर सोमवारी सकाळी जोडे न्यायला येणार होते. त्यांच्या तळव्याची जखम भरायला आणि तिच्यावर भार पडणार नाही असा तळ सापडायला सहा महिने आणि सात खेपा लागल्या होत्या. जुन्या जोड्याचा तळ दबून सपाट झालेला. आता अंदाजाने केलेला जोडा घालून ते दिवसभर ब्रेक दाबत बसले असते, तर जखम पुन्हा उघडली असती आणि नोकरीही गेली असती. ते अचूक माप जगात फक्त माझ्याजवळ होतं.

तेवढ्यात भाऊजींना पडद्यावर कुठलीशी नवी पाटी सापडली. “ही बघ, डिस्क दिसतेय! नव्याने जोडू का विचारतंय. हो म्हणतो.”

“खाली काय लिहिलंय?”

“माहिती पुसली जाईल म्हणे. असं सगळीकडेच लिहितात गं.”

“अहो, हात काढा! आधी हात काढा तिथून!”

भाऊजींचं बोट हवेत राहिलं. एका बोटाखाली एक हजार नऊशे त्रेचाळीस पावलं!

ताई उठून जवळ आल्या. “आपलं शिवणयंत्र दुरुस्तीहून आलं की मी पहिल्यांदा काय बघते?”

“दोऱ्याच्या ताणाचं बटण.”

“का?”

“तो मेकॅनिक आपल्या मनाने फिरवून ठेवतो म्हणून.” भाऊजी थबकले. “म्हणजे याचीही बटणं...”

“यंत्र बिघडलेलं नसतं हो. बटण हललेलं असतं. पुसायचं काही नाही. एकेक फिरवून बघा, आणि आधी कुठं होतं ते लिहून ठेवा.”

भाऊजींनी सेटिंग उघडलं. डिस्कशी बोलायच्या तीन रीती होत्या, आणि नव्या प्रोग्रॅमने त्यातली ‘रेड’ नावाची निवडून ठेवलेली होती. ताईंनी चामड्याच्या तुकड्यावर खडूने ते टिपलं. मग ‘आयडीई’ करून बघितलं. पुन्हा निळा पडदा. मग ‘एएचसीआय’.

मला हाक आली. माझ्या ओळखीची, अकरा वर्षांची हाक! मी एक पान दिलं, ते कळलं. दुसरं दिलं, तेही कळलं. पडद्यावर पावलांची यादी उमटली. एक अक्षर हललं नव्हतं, आणि तरी क्षणापूर्वी या घराच्या लेखी मी मेलेली होते. केवढं हे नवल! ताईंनी डोळे पुसले. भाऊजी म्हणाले, “मी तेच करणार होतो.” ताईंनी ड्रायव्हरचं माप उघडलं आणि चामडं कापायला घेतलं.

सोमवारी ड्रायव्हर आले. टेबलाखालून मला दार दिसत नाही, पण जमिनीचा हादरा कळतो. नवे जोडे घालून ते दारापर्यंत गेले, परत आले, पुन्हा गेले.

“दुखतंय का?” ताईंनी विचारलं.

“नाही, ताई. उगीच चालतोय. सहा महिन्यांत उगीच म्हणून चाललो नव्हतो.”

मित्रांनो, तुमच्याही घरी माझ्यासारखी एखादी असेल. ती गप्प झाली तर लगेच मेली समजू नका. आपण काय बदललं ते आधी आठवा. ‘पुसू का?’ असं कुणी विचारलं तर हात मागे घ्या. आणि सगळं एकीच्याच स्वाधीन करू नका, आजच दुसरीकडे उतरवून ठेवा. ताईंनी त्याच शनिवारी उतरवलं. मी आता म्हातारी झाले आहे, अजून किती फिरेन सांगता येत नाही. पण मी थांबले तरी ती सगळी माणसं चालत राहतील.