दोन मिनिटं ऐकलं असतं तर

आमच्या प्राणीसेवा संस्थेत तक्रार आली की मला दम निघत नाही. डोकं तापटच आहे माझं. तिसऱ्या मजल्यावरच्या शिलाईवाल्या बाईने कुत्री गॅलरीत आखूड दोरीने बांधलीय, नुसती हाडं दिसतात, असा शेजाऱ्यांचा फोन आला. मी हातातला चहा तसाच ठेवून गाडी काढली.

तक्रार खोटी नव्हती. कुत्रीचा पार सापळा झालेला, डोळे पांढरे. बाई मशीनवरून उठून काहीतरी सांगायला लागली. मी म्हटलं, "तुमचं पुराण नंतर." तिच्याच कात्रीने दोरी कापली आणि कुत्रीला उचलून निघाले. बाई जिन्यापर्यंत बोलत मागे आली. दोन मिनिटं थांबले असते तर काय बिघडलं असतं? पण नाही, काय अवदसा आठवली मला.

डॉक्टरांनी तपासलं आणि विचारलं, "हिला का आणलंत?" वय सोळा-सतरा असेल, म्हणाले. किडन्या गेल्यात, दिसत नाही, खाल्लेलं अंगी लागत नाही. "कुणीतरी चमच्याने भरवून जगवलंय हिला. अंगावर एक जखम नाही. मोकळी सोडली असती तर जिन्यावरून पडून कधीच मेली असती."

धरणीने पोटात घ्यावं असं वाटलं. त्यात कुत्रीने आमच्याकडे दोन दिवस कशालाच तोंड लावलं नाही. डॉक्टर म्हणाले, फार तर आठवडा काढेल, तेवढा तरी तिच्या माणसाजवळ काढू दे.

तिसऱ्या दिवशी तिला उचलून घेऊन तोच जिना चढले. माझं चुकलं, तुमचं ऐकायला हवं होतं, एवढंच म्हणायचं होतं. वाटभर घोकत होते.

बाईने दार उघडलं. वास येताच कुत्रीने मान तिच्याकडे टाकली. बाईने तिला छातीशी धरलं, पण बघत राहिली माझ्याकडेच, घाबरून. मग म्हणाली, "मॅडम, गॅलरीला जाळी लावून घेते. आणखी काय चुकलं असेल ते सांगा, सुधारते. पण पुन्हा नेऊ नका हिला."

जन्मभर लोकांना फैलावर घेणारी मी, लाजेने माझी जीभच उचलेना. आणि शेवटी तोंडातून आलं ते रोजच्या सवयीचं.

"ठीक आहे. नीट काळजी घ्या हिची."

"हो मॅडम," बाई म्हणाली.