दाबलेलं बोट

मी एक जुना डर्मोस्कोप आहे, मित्रांनो. म्हणजे मुठीत मावणारं, पोटात दिवा असलेलं भिंग. माझा स्वभाव कडू आहे, हे आधीच सांगून टाकतो. जन्म सगळा लोकांच्या खरजेत, उवांत आणि चामखिळींत गेला. तुमचा तरी स्वभाव गोड राहिला असता का?

कारखान्यात काच घासून मला घडवलं आणि त्वचेच्या एका डॉक्टरांनी मला विकत घेतलं. सुरुवातीला कोण कौतुक! नखांच्या कामात तर मी त्यांचा उजवा हात होतो. नखाच्या मुळाशी कातडीची कड असते. तिच्यावर तेलाचा थेंब टाकून मला अलगद टेकवलं, की केसाहून बारीक रक्तवाहिन्या दिसतात. निरोगी माणसात त्या केसांच्या आकड्यांसारख्या ओळीने उभ्या असतात. त्या फुगल्या, फुटल्या किंवा नाहीशा झाल्या, तर आजार नुसता कातडीचा नसतो. तो फुप्फुसांपर्यंतही पोचलेला असू शकतो. पुढे पडद्याचं नवं यंत्र आलं आणि मी खणात गेलो, संपलेल्या सेलांच्या संगतीला. गरज सरो नि वैद्य मरो म्हणतात. इथे वैद्य ठणठणीत होता, मेलो मी.

एके दिवशी ते यंत्र बिघडलं आणि नेमकी डॉक्टरांची थोरली बहीण आली. आई गेल्यापासून, म्हणजे कित्येक वर्षं, दोघांचं बोलणं बंद होतं.

"भाऊ म्हणून नाही आले," ताईने बसता बसताच बजावलं. "गार पाण्यात हात घातला की बोटं पांढरीफटक पडतात, मग निळी. जवळपास दुसरा डॉक्टर नाही, म्हणून ही पायरी चढले."

"थंडीत सगळ्यांचीच बोटं गारठतात. तुला पहिल्यापासून बाऊ करायची सवय."

"आणि तुला पाठ फिरवायची. आई अंथरुणाला खिळली होती तेव्हा एकदा तरी फिरकलास?"

डॉक्टरांचं पित्त खवळलं. मला खणातून ओढून, नवे सेल कोंबून, तेलाचा थेंब टाकून त्यांनी तिच्या बोटावर शिक्का मारावा तसं दाबलं. अरे शहाण्या, दाबलं की तिथलं रक्त पळतं! शिकाऊ डॉक्टरांना हे त्यांनीच कितीदा बजावलं होतं. पण रागाच्या भरात अक्कल गहाण पडते. सगळं फिकट दिसत होतं.

"काही नाही इथे. नाटकं आहेत."

"बोट मोडतोस का?" म्हणत ताई हात मागे ओढू लागली. तेवढ्याने दाब सुटला, मी नुसता तेलावर टेकून राहिलो आणि रक्त परत भरलं. फुगलेली वेटोळी, रक्ताचे ठिपके, मध्येच ओसाड जागा. डॉक्टरांचा डोळा अजून माझ्यावरच होता.

"हलू नकोस," ते म्हणाले. मग एकेक बोट त्यांनी जेमतेम टेकवून पाहिलं. "कधीपासून होतंय?"

"आईचे कपडे धुवायचे तेव्हापासून. फोनवर सांगितलं होतं तुला. तेव्हाही नाटकं आहेत म्हणालास."

डॉक्टरांनी रक्ताच्या आणि फुप्फुसांच्या तपासण्या लिहून दिल्या.

"मी येतो बरोबर."

"नको. चिठ्ठी दे." ताई चिठ्ठी घेऊन गेली. तिने वळूनही पाहिलं नाही.

आता डॉक्टर मला रोज पुसतात. डोंबलाचं कौतुक! मित्रांनो, भिंगाची काच जरूर पुसा, सेलही काढून ठेवा. पण कुणी दुखतंय म्हणालं, तर त्याला खोटं पाडायच्या हट्टाने बघू नका. तशा बघण्यात ताईचा आजार वाढत राहिला, आणि ती वर्षं मला काही परत आणता येत नाहीत.