सोळाशे नोंदी

ताईचा आवाज माझ्यामुळे गेला. आजारानं गेला तो वेगळा. तो जाणारच होता, डॉक्टरांनी तारीखवार सांगितलं होतं. मी म्हणतोय तो दुसरा, जो आम्ही काढून ठेवला होता.

ताई माझ्याहून अकरा वर्षांनी मोठी. अठ्ठावीस वर्षं तिनं लोकांना गाडी चालवायला शिकवली. निम्म्या शहरानं तिच्या शिव्या खाल्ल्यात. तिचे विद्यार्थी तिला ब्रेकबाई म्हणत, कारण चौक आला की ती अशी काही ओरडायची की शेजारचा गाडीवालाही ब्रेक मारायचा. त्या बाईच्या घशाचे आणि जिभेचे स्नायू झिजायला लागले. आधी शब्द जड झाले, मग फोनवर लोक विचारायला लागले, "काय म्हणालात?" सहा-आठ महिने, डॉक्टर म्हणाले, मग बोलणं बंद. हात त्यानंतर.

मी ज्या पुनर्वसन केंद्रात कॉम्प्युटर सांभाळतो, तिथे बोलण्याचे उपचार करणाऱ्या एक मॅडम आहेत. त्यांनी चार वर्षांपूर्वी आवाज जपून ठेवायचं काम सुरू केलं. माणसाला बोलता येतंय तोवर त्याच्याकडून सोळाशे वाक्यं वाचून घ्यायची. ती एका कंपनीला पाठवायची. कंपनी त्यातून त्या माणसाचा आवाज बनवून देते. मग पेशंटनं टाईप करायचं आणि यंत्रानं त्याच्याच आवाजात बोलायचं. ताईच्या आधी सात जणांना असे आवाज मिळाले होते. आठवी ताई.

ताईला हे सगळं एकाच गोष्टीसाठी हवं होतं. माझी भाची, म्हणजे तिची मुलगी, दूरदेशी असते आणि तिला दिवस गेले होते. "मला काही भाषणं करायची नाहीत," ताई म्हणाली, तेव्हा तिचं बोलणं अजून कळायचं. "पण नातवंडाला आजी म्हणजे कागदावरचं अक्षर वाटायला नको. त्याला माझी हाक ऐकू यायला हवी."

"येईल की," मी म्हणालो. "सर्व्हर माझा आहे."

काय पण तोरा! आठवलं की स्वतःच्या थोबाडीत मारावीशी वाटते.

सर्व्हर माझाच होता, हे मात्र खरं. मॅडमच्या खोलीतल्या हात धुवायच्या बेसिनशेजारी लोखंडी मांडणीवर एक जुनी मशीन ठेवून मी त्यावर डेटाबेस बसवला होता. डेटाबेस म्हणजे काही जादू नाही. नोंदींचं एक कपाट आणि मागाल ती नोंद काढून देणारा एक कारकून, असं समजा. माझ्या कपाटात प्रत्येक वाक्याची एक नोंद होती: वाक्य कोणतं, कोणी वाचलं, कधी, किती सेकंद, आणि मॅडमचा शेरा. सुरुवातीला आवाजही मी त्या नोंदीतच ठेवत असे. पेशंटला त्याचा आवाज मिळाला की त्याच्या नोंदी मी काढून टाकायचो. रोज पहाटे सगळ्या कपाटाची नक्कल दुसऱ्या इमारतीतल्या मशीनवर जायची आणि सकाळी सातला मला मेल यायचा, बॅकअप सफल. मॅडमच्या कॉम्प्युटरवर पसारा नको म्हणून रेकॉर्डिंग थेट सर्व्हरवर जाईल असंही मीच करून दिलं होतं. त्यांच्याकडे काहीच उरायचं नाही. नीटनेटकेपणाचं भारी वेड मला.

ताईचं वाचन सुरू होऊन तीनेक आठवडे झाले आणि मॅडमनी तक्रार केली, "वाक्यांची यादी उघडायला फार वेळ लागतो हो. ताई ताटकळतात, दमतात." मी म्हटलं, एवढंच ना? एका दुपारी मी सगळे आवाज कपाटातून काढले आणि मशीनमधल्या दुसऱ्या डिस्कवर ठेवले. नोंदीत फक्त पत्ता ठेवला, अमुक आवाज अमुक जागी. सगळे असंच करतात, त्यात चूक नाही. यादी झटकन उघडायला लागली. मॅडम खूश, ताई खूश.

आणि बॅकअप? त्याला आधी तासभर लागायचा, तो चाळीस सेकंदांत व्हायला लागला. मी ते पाहिलं. पाहिलं आणि स्वतःची पाठ थोपटून घेतली. घरी जाऊन ताईला सांगितलं, "बघ, तासाचं काम चाळीस सेकंदांवर आणलं." ती म्हणाली, "शहाणा रे माझा भाऊ!" जीभ जड झाली होती, तरी त्यातला टोमणा स्पष्ट होता.

गाढवा, तासाचं काम चाळीस सेकंदांत का होतंय, हे विचारावंसं नाही वाटलं तुला? नाही वाटलं. बॅकअप कपाटाचा होता आणि आवाज मी कपाटाबाहेर काढले होते. रोज पहाटे माझी मशीन नुसते पत्ते उतरवून नेत होती. जुने बॅकअप सात दिवसांनी आपोआप पुसले जायचे, तीही व्यवस्था माझीच.

बरं, मी निष्काळजीही नव्हतो. सोळाशेवं वाक्य झालं त्या आठवड्यात मी बॅकअप रिकाम्या मशीनवर चढवून तपासलासुद्धा. नोंदी मोजल्या. सोळाशेच्या सोळाशे. एकही आवाज वाजवून पाहिला नाही. मोजलं आणि चहा प्यायला गेलो.

शेवटची वाक्यं ताईनं कशी वाचली ते मॅडमनाच माहीत. एकेक वाक्य चार-चारदा. त्यानंतर पंधरा दिवसांत बोलणं पूर्ण थांबलं आणि तिच्या हातात पांढरी पाटी आणि मार्कर आला. सोमवारी सगळं कंपनीला पाठवायचं ठरलं. मॅडम म्हणाल्या, शनिवारीच पाठवू का? मी म्हणालो, "दोन दिवस थांबा. डेटाबेसची नवी आवृत्ती आलीय, ती चढवतो, मशीन जरा साफ करतो, मग एकदम स्वच्छ काम."

शनिवारी सकाळी ताईही आली. पाठवण्याआधी तिला तिचं एक वाक्य ऐकायचं होतं. पाटीवर तिनं लिहिलं, "कसं बोलत होते तेच विसरले." मॅडमनी तिला खिडकीपाशी खुर्ची दिली. मी मशीन बंद केली. चार वर्षांत पहिल्यांदा. आवृत्ती चढवायला मशीन बंद करायची गरज नव्हती. मला धूळ झाडायची होती! झाकण काढलं, पंख्यातला बोळा काढला, ब्रशनं कोपरे झाडले. ताईनं लिहिलं, "घरी कधी केर काढलास का रे?" मॅडम हसल्या.

बटण दाबलं. पंखा फिरला. पहिली डिस्क सुरू झाली. दुसरीनं टक् केलं. मग टक्, टक्, टक्. जुनी डिस्क वर्षानुवर्षं फिरत राहते आणि एकदा थांबली की पुन्हा फिरत नाही, हे या धंद्यातल्या प्रत्येकाला माहीत असतं. मलाही होतं.

तरी मी घाबरलो नाही. उलट, खोटं कशाला सांगू, थोडा सुखावलोच. आता दाखवतो, बॅकअप कशाला म्हणतात! "काही काळजी करू नका," मी दोघींना म्हणालो, नवी डिस्क जोडली, बॅकअप मागवला, चढवला. वीस मिनिटांत यादी पडद्यावर आली. सोळाशे नोंदी. ताईनं टाळ्या वाजवल्या, आवाज न होणाऱ्या, तिच्या बोटांतली ताकदही कमी झाली होती.

"कुठलं ऐकवू?" मॅडमनी विचारलं.

ताईनं लिहिलं, "पहिलं."

मॅडमनी बटण दाबलं. फाईल सापडली नाही. त्यांनी दुसरं दाबलं, तिसरं दाबलं. मग माझ्याकडे पाहिलं. मला तेव्हा ते चाळीस सेकंद आठवले. मी बेसिनला धरून उभा राहिलो.

ताईनं पाटी वाजवली. "काय झालं?"

"थांब जरा."

"खरं सांग."

मी सांगितलं. दोन वाक्यांत सांगून झालं. एवढ्या मोठ्या गोष्टीला दोनच वाक्यं लागतात.

"सगळी?" तिनं लिहिलं.

"सगळी, ताई."

तिनं मार्करचं टोपण लावलं. ते नीट बसेना, तर दोन्ही हातांनी दाबून बसवलं. मला वाटत होतं, तिनं पाटी फेकून मारावी. लहानपणी मी तिची सायकल मोडली तेव्हा तिनं मला गल्लीच्या टोकापर्यंत पळवून मारलं होतं. आता ती नुसती बसली होती आणि मॅडम तिच्या पाठीवरून हात फिरवत होत्या. माझ्याकडे कोणी बघत नव्हतं.

ती डिस्क घेऊन मी बिघडलेल्या डिस्क उघडणाऱ्या माणसाकडे गेलो. त्यानं तीन आठवडे ठेवून घेतली आणि मग फोन केला. "साहेब, आतली तबकडी खरवडली गेलीय. भुगा झालाय." मी म्हटलं, थोडं काही? तो म्हणाला, "थोडंही नाही."

मग मी भिकाऱ्यासारखा दारोदार फिरलो. कोणाकडे ताईचा आवाज आहे का हो? फोनवर निरोप ठेवायची तिला सवय नव्हती. "समोर येऊन बोला," म्हणायची. लग्नाच्या व्हिडिओत बँड वाजतोय. शेवटी तिच्या एका जुन्या विद्यार्थिनीनं काहीतरी पाठवलं, गाडीतलं. इंजिनाचा आवाज, आणि मग ताई: "अगं ब्रेक! ब्रेक मार! डोळे काय घरी ठेवून आलीस?" कंपनीला विचारलं. ते म्हणाले, एवढ्यावर आवाज होत नाही. निदान काही शे वाक्यं लागतात, आणि तीही स्वच्छ.

"तुझ्या लेकीला तेवढं तरी पाठवू का?" मी ताईला विचारलं.

"नातवंडाला पहिल्याच दिवशी शिव्या नकोत," तिनं लिहिलं.

यादी मी छापून घेतली. का, विचारू नका. सोळाशे ओळी, प्रत्येकीसमोर सेकंद. चार पूर्णांक दोन. तीन पूर्णांक नऊ. कडेला मॅडमचे शेरे: खोकला. पुन्हा घेतलं. हसल्या. नऊशे चौदाव्या ओळीशी मी थांबलो. सेकंद एकतीस, आणि शेरा, "वाक्य सोडून भलतंच बोलल्या. वाक्य त्याच्याच शेवटी घेतलं, कापलं नाही."

मॅडमना विचारलं, तर त्यांचे डोळेच भरले. "बाळाशी बोलत होत्या. शब्द नाहीत हो आठवत मला. आहे ना आपल्याकडे, म्हणून मी लक्षच दिलं नाही."

ताईला कागद दाखवला. "काय म्हणालीस ते लिही ना. मी जपून ठेवतो."

तिनं कागद बाजूला सारला. मग लिहिलं, "मला ते बोलायचं होतं. लिहायचं नव्हतं." आणि बाहीनं पुसून टाकलं.

नात झाली. भाचीनं रविवारी सकाळी अकराला फोन केला. ताईनं पाटी आधीच भरून ठेवली होती, बारीक अक्षरात, दोन्ही बाजूंनी. पाटी माझ्याकडे दिली आणि खूण केली, वाच. मी घसा खाकरून वाचायला लागलो, "चिमणे, मी तुझी आजी..." आणि मलाच माझा आवाज ऐकवेना. घोगरा, पुरुषी, चोराचा. पलीकडे भाची म्हणाली, "मामा, नको रे. फोन आईलाच दे."

मी दिला. ताईनं फोन कानाला लावला. तोंड उघडलं. घशातून हवा आली, मग एक घरघर, मग पुन्हा हवा. ती जोर लावत होती, मानेच्या शिरा ताठ झाल्या होत्या. पलीकडे पोर रडायला लागलं. भाची "आई, आई" म्हणत राहिली आणि मग फोन बंद झाला.

ताईनं लिहिलं, "ऐकलं तिनं."

संध्याकाळी भाचीचा मला मेसेज आला. "मामा, प्लीज आईला पुन्हा फोन देऊ नकोस. मला ते सहन होत नाही. मी काही दिवस फोन नाही करणार. तिला काहीतरी सांग."

त्याला सात रविवार झाले. मी ताईला म्हणालो, तिकडचा फोन बिघडलाय. ती दर रविवारी साडेदहालाच तयार होऊन बसते, केस विंचरून, फोन मांडीवर घेऊन. पाटी दोन्ही बाजूंनी भरलेली असते. मार्कर आता तिच्या हातात ठरत नाही, तिसऱ्या-चौथ्या ओळीनंतर अक्षर लागत नाही. सकाळी सातला माझ्या फोनवर अजून मेल येतो, बॅकअप सफल, नोंदी सोळाशे. मी तो बंद करू शकतो. करत नाही.

परवाच्या रविवारी साडेबारा वाजले तरी ती उठली नाही. मग पाटीचा एक कोपरा पुसून तिनं बराच वेळ लावून काहीतरी लिहिलं आणि पाटी माझ्याकडे फिरवली.

"फोन दुरुस्तीला तुझ्याकडेच दिला नाही ना?"

आणि ती हसली. तिचं हसणं आता फक्त खांद्यांत उरलंय. मीही हसलो, म्हणालो, "नाही गं ताई, पुढच्या रविवारी येईल." तिनं मान हलवली आणि फोन माझ्या हातात दिला, चार्जिंगला लावायला.