बांधलेल्या बोटीचा विमा

सिस्टर निवृत्त होऊन सहा वर्षं झाली, तरी सगळे त्यांना सिस्टरच म्हणत. एकाच इस्पितळातल्या एकाच वॉर्डात माणसाने तीस वर्षं काढली की लोक त्याचं मूळ नाव विसरतात, आणि खरं सांगायचं तर त्यालाही ते फारसं लागत नाही. नवरा पंपाच्या कारखान्यात फिटर होता, त्याला सगळे मिस्तरी म्हणत. मूलबाळ नव्हतं. दोन खोल्यांचं घर, घरापासून दहा मिनिटांवर मोठा तलाव, आणि तलावाच्या धक्क्याला बांधलेली मिस्तरींची मोटरबोट.

मोटरबोट म्हटल्यावर डोळ्यांसमोर भलतंसलतं काही आणू नका. चार माणसं दाटीवाटीने बसतील एवढी फायबरची होडी, मागे लटकवलेलं जुनं इंजिन, बस्स. मिस्तरींनी ती भंगारातून उचलली होती. तळाला एवढं भोक होतं की त्यातून मांजर आरपार गेलं असतं. दोन वर्षं खपून त्यांनी ती उभी केली. शेजारीपाजारी हसले, सिस्टरही हसल्या. पण बोट पाण्यात गेली आणि भलतीच गंमत झाली. मिस्तरी बोलायला लागले.

घरात या माणसाच्या तोंडाला कायमचं कुलूप. चहा हवा का, हं. बाहेर जाताय का, हं. पस्तीस वर्षं हं ऐकून सिस्टरनी त्या बाबतीत हात टेकले होते. आणि हाच माणूस रविवारी सकाळी तलावाच्या मधोमध इंजिन बंद करायचा आणि सुरू व्हायचा. लहानपणी विहिरीत पडलो होतो ते, कारखान्यातला फोरमन गोदामात जाऊन रडायचा ते, आपल्याला मूल होणार नाही असं डॉक्टर म्हणाले त्या दिवशी आपण घरी न येता कुठे कुठे चालत राहिलो तेसुद्धा. सिस्टर ऐकत बसायच्या. त्यांना पोहता येत नव्हतं, पाण्याची भीतीच वाटायची. सुरुवातीला महिन्यातून एखाद्या वेळी जायच्या. गेल्या वर्षापासून मात्र त्यांनी एकही रविवार चुकवला नव्हता.

त्याला कारण होतं. एका रविवारी धक्क्याकडे परतताना मिस्तरी बोलता बोलता अर्ध्या वाक्यात थांबले. डोळे उघडे, मान सरळ, उजव्या हाताची बोटं शर्टाचं बटण चाळवतायत. हाक मारली, उत्तर नाही. इंजिन चालू होतं, बोट आपली गोल गोल फिरतेय. मग मिस्तरी परत आले आणि भलत्याच वाक्यापासून पुढे बोलू लागले. आपण कुठे गेलो होतो याचा त्यांना पत्ताही नव्हता. सिस्टरनी ओळखलं. असले झटके त्यांनी वॉर्डात ढिगाने पाहिले होते. आपल्या जुन्या डॉक्टरांना एकट्याच जाऊन भेटल्या, गोळी लिहून आणली आणि नवऱ्याला सांगितलं, "बीपीची नवी गोळी आहे, दोन वेळा घ्यायची." मिस्तरी म्हणाले, "हं."

आता म्हणाल, सांगून टाकायचं. सोपं आहे तुम्हाला म्हणायला. सांगितलं असतं तर मिस्तरींनी त्याच दिवशी इंजिन उतरवून कोपऱ्यात ठेवलं असतं आणि परत ते हं सुरू झालं असतं मरेपर्यंत. सिस्टरना ते नको होतं. त्यांनी स्वतः शेजारी बसून लक्ष ठेवायचं ठरवलं, आणि जीव मुठीत धरून वर्षभर ठेवलं.

असं सगळं रेटून चाललेलं असताना धक्क्याच्या मॅनेजरने फळ्यावर कागद चिकटवला. विमा नसलेली एकही बोट महिनाअखेरीनंतर पाण्यात राहणार नाही.

मग काय, दोघं निघाली उंबरे झिजवायला. पहिल्या कंपनीतली मुलगी म्हणाली, बोट खरेदीचं मूळ बिल आणा. भंगारवाला कुठे बिल देतो? दुसरीकडे काचेआडच्या माणसाने बोटीचं वय विचारलं आणि ते ऐकून स्वतःची खुर्चीच दोन वीत मागे सरकवली. तिसरीकडे विमा मिळत होता, पण हप्ता ऐकून मिस्तरी जमिनीवर पहिल्यांदाच आपणहून चार शब्द बोलले. "एवढ्यात दुसरी बोट येईल," म्हणाले आणि उठले. चौथ्या ठिकाणी तर टोकन घेऊन दीड तास बसवलं आणि सांगितलं की आम्ही फक्त मालवाहू जहाजांचं बघतो. सिस्टर तिथे भडकल्या. बाहेर पाटीवर तसं लिहायला काय धाड भरली होती, असं त्यांनी त्याला तोंडावर विचारलं. मिस्तरी जिन्यात जाऊन उभे राहिले.

शेवटी एक एजंटबाई भेटल्या. लाँड्रीच्या वर त्यांची एवढीशी खोली, खालून इस्त्रीची वाफ यायची, भिंतीला फायलींची चळत. चष्मा कपाळावर ठेवून बाईंनी सगळं ऐकून घेतलं.

"आहे," त्या म्हणाल्या. "लहान इंजिनच्या हौशी बोटींसाठी एक योजना आहे, हप्ता परवडेल असा. पण दोन गोष्टी. चालवणाऱ्याने तब्येतीचा फॉर्म भरायचा आणि कंपनीचा सर्वेअर येऊन बोट बघणार."

सिस्टरांचा जीव भांड्यात पडला, तो जेमतेम दोन मिनिटं. मिस्तरींनी तिथेच टेबलावर फॉर्म भरायला घेतला. फिटरचा हात, एकेक अक्षर मोजूनमापून. सातवा प्रश्न होता, गेल्या पाच वर्षांत झटका, फेफरं किंवा शुद्ध हरपणं. मिस्तरींनी बिनदिक्कत 'नाही'वर खूण केली. खरं तेच लिहिलं की बिचाऱ्याने, त्याला ठाऊक होतं तेवढं. सिस्टर शेजारी बसून ती खूण बघत होत्या. मूग गिळून बसल्या. मनात म्हणाल्या, गोळी लागू पडली आहे, तीन महिन्यांत काही झालेलं नाही, मी आहे ना बरोबर. माणूस स्वतःला काय काय समजावतो.

निघताना एजंटबाईंनी सिस्टरना जिन्यात थांबवलं. "सर्वेअरने विचारलं तेवढंच सांगायचं. भोळेपणाने जास्तीचं काही बोलत बसू नका. चांगली चांगली माणसं तिथे घसरतात."

"मला शिकवताय?" सिस्टर म्हणाल्या.

सर्वेअर गुरुवारी सकाळी आला. पन्नाशीचा, थकलेला, साधा माणूस. पांढरा शर्ट, खिशाला पेन, हातात क्लिपबोर्ड. त्याने बोटीचा तळ बोटांच्या पेरांनी ठोकून पाहिला, इंजिन चालू करून ऐकलं, मिस्तरींनी बुजवलेल्या भोकावरून हात फिरवला आणि म्हणाला, "काम सुरेख केलंय. कारखान्यातसुद्धा असं करत नाहीत." मिस्तरींचा चेहरा एवढा उजळलेला सिस्टरनी पाण्याबाहेर कधी पाहिला नव्हता. सगळं झालंच होतं. शेवटच्या कागदावर सही तेवढी राहिली होती. सर्वेअरने क्लिपबोर्डवरचं पान उलटलं, पेनाचं बटण दाबलं आणि मान वर न करता, निव्वळ रीत म्हणून सिस्टरना विचारलं, "आणि यांचं कसं आहे? ठीक?"

आता ही चूक दुसऱ्या कुणाकडून झाली नसती. तीस वर्षं रोज सकाळी पांढऱ्या कपड्यातला माणूस हातात क्लिपबोर्ड घेऊन खाटेपाशी उभा राहायचा, पान उलटायचा आणि विचारायचा, यांचं कसं आहे. आणि तीस वर्षं सिस्टर ताठ उभ्या राहून एका दमात सगळं सांगायच्या. एकही गोष्ट वगळायची नाही, हाच त्यांचा लौकिक होता. डॉक्टर म्हणायचे, सिस्टरांचा रिपोर्ट असला की फाईल बघावी लागत नाही.

सिस्टर ताठ उभ्या राहिल्या. हात पाठीमागे गेले.

"पेशंटला वर्षभरात एकूण चार झटके. पहिला बोट चालवतानाच, पन्नास सेकंद. दुसरा घरी, चाळीस. तिसरा आणि चौथा परत बोटीत, एक मिनिट दहा आणि पंचावन्न सेकंद. शुद्ध हरपते, पडत नाहीत, उजव्या हाताची चाळवाचाळव. नंतर काही आठवत नाही. सकाळ-संध्याकाळ गोळी चालू आहे, तीन महिने झटका नाही. पेशंटला आजाराची कल्पना दिलेली नाही."

एवढं सगळं घडघडा बाहेर पडलं, आणि मग त्यांना आपलाच आवाज ऐकू आला.

सर्वेअरचं पेन थांबलं होतं. त्याने आधी सिस्टरांकडे पाहिलं, मग मिस्तरींकडे. मिस्तरी दोर हातात धरून बोटीत उभे होते. त्यांनी दोराला आणखी एक गाठ मारली आणि ते हळूच धक्क्यावर चढले.

"मला हे लिहावं लागेल, बाई," सर्वेअर म्हणाला. त्याला खरोखरच वाईट वाटत होतं. "ऐकलं नसतं तर गोष्ट वेगळी."

"लिहा," मिस्तरी म्हणाले. "तिचं मोजमाप चुकायचं नाही."

घरात आल्यावर सिस्टरनी पाणी दिलं. मिस्तरींनी पेला हातात धरला आणि म्हणाले, "बीपीची गोळी."

"अहो, तुम्ही बोट सोडली असती."

"सोडली असती."

"मग?"

"मग काय? माझी मी सोडली असती." ते पेल्याकडे बघत पुढे म्हणाले, "मला वाटायचं, तुला ऐकायला आवडतं म्हणून तू येतेस. पाण्याची एवढी भीती असून दर रविवारी येते म्हणजे काय, असं मी मनात म्हणायचो. तू ड्यूटीवर होतीस."

सिस्टरना सांगायचं होतं की दोन्ही खरं होतं. ऐकायलाच यायचे, तुमचं बोलणं बंद पडू नये म्हणूनच तर लपवलं. त्यांच्या तोंडून आलं ते एवढंच, "असं कसं म्हणता तुम्ही?" आणि मग त्या रडल्या. मिस्तरींनी पेला ठेवला आणि रिकाम्या हाताने काय करावं हे न कळून परत उचलला.

योजना अर्थातच गेली. एजंटबाईंचं रागावून झालं, मग शोधाशोध करून फोन केला. अजून एक प्रकार आहे म्हणाल्या, सगळ्यात स्वस्त. बांधलेल्या बोटीचा विमा. बोट धक्क्याला राहील, आग लागली, बुडाली, चोरीला गेली तर भरपाई. पण दोर सुटता कामा नये. इंजिन उतरवून ठेवायचं, बोट जागची हलली की विमा रद्द. "मी शिकते ना चालवायला," सिस्टर म्हणाल्या. मिस्तरींनी त्यांच्याकडे पाहून नको म्हणून मान हलवली. स्वस्तातला विमा घेतला. फॉर्म एकाच पानाचा होता, तब्येतीचा एकही प्रश्न त्यात नव्हता.

इंजिन स्वयंपाकघराच्या दाराआड आलं, गोणपाटात गुंडाळून. पहिल्या दोन रविवारी मिस्तरी एकटेच धक्क्यावर गेले. तिसऱ्या रविवारी सिस्टर मागोमाग गेल्या. मिस्तरी बांधलेल्या बोटीत बसले होते. त्यांनी सरकून जागा करून दिली. आजूबाजूच्या बोटी एकेक करून बाहेर पडत होत्या, त्यांच्या लाटांनी ही तेवढी जागच्या जागी डुलायची.

शेवटची बोट बाहेर पडल्यावर सिस्टर म्हणाल्या, "त्या फोरमनचं अर्धंच राहिलं होतं. गोदामात का रडायचा तो?"

मिस्तरींनी तोंड उघडलं. "त्याचं असं झालं," म्हणाले, आणि थांबले.

सिस्टर वाट बघत राहिल्या. मिस्तरी समोर पाण्याकडे बघत होते, डोळे उघडे, मान सरळ. उजवा हात पलीकडच्या बाजूला होता, तो त्यांना दिसत नव्हता. रागाने गप्प बसलेत, की सांगायचं मन होत नाहीये, की परत तिकडे गेले आहेत? पस्तीस वर्षांचा संसार, तीस वर्षांची नोकरी, आणि शेजारी हाताच्या अंतरावर बसलेल्या माणसाचं हे एवढं त्यांना कळेना. हाक मारावी तर त्याचाही राग येईल. त्यांनी हाक मारली नाही. ओठ न हलवता त्यांनी आकडे सुरू केले. दहा झाले, वीस झाले.

"मोजतेयस ना?" मिस्तरी म्हणाले. त्यांनी मान वळवली नाही.

"नाही हो," सिस्टर म्हणाल्या.

मिस्तरी पुढे काही बोलले नाहीत, आणि सिस्टरनी पुन्हा एकपासून सुरुवात केली.