पातळावरचे पिवळे ठिपके

हिराकाकीची मधमाश्यांची पेटी शिमग्याच्या आधीच मेली.

हे वाक्य आपण खोडू. पेटी मजेत आहे, माश्यांची ये-जा चालू आहे आणि जानेवारी महिना आहे.

कार्ल्यात आमच्या घरामागं, आंब्याखाली, ती चार विटांवर ठेवलेली आहे. निवृत्तीकाकांच्या अशा चार पेट्या होत्या. काका गेले त्या पावसाळ्यात तीन पेट्यांतल्या माश्या उठून गेल्या. सातेरी माशीचं असंच असतं, मन लागलं नाही की राणीला घेऊन सगळं बिऱ्हाड निघतं. महिनाभर आधी कळवायची पद्धत त्यांच्यात नाही. चौथी पेटी राहिली. काकी रोज सकाळी तिला गावातल्या बातम्या सांगायची आणि पेटी ऐकून घ्यायची. आमच्या घरात एवढं ऐकून घेणारं दुसरं कुणी नव्हतं.

संक्रांतीपासून रथसप्तमीपर्यंत गावात घरोघरी हळदीकुंकू असतं. यंदा शेजारच्या सविता वहिनींकडं अख्खी आळी गेली. काकीला बोलावणं नव्हतं. विधवेला देत नाहीत. त्यात कुणाचा राग नसतो, कुणी काही बोलतही नाही, त्यामुळं भांडायलासुद्धा जागा उरत नाही. दुसऱ्या दिवशी वहिनींनी वाणातली प्लास्टिकची वाटी मागच्या दारानं आणून दिली. "काकी, येक जास्तीची उरलीया."

काकीनं ती कोंबड्यांना पाणी ठेवायला लावली.

त्याच दुपारी ऊन चांगलं तापलं. काकी वाळत घातलेलं पातळ काढायला गेली आणि तिथूनच ओरडली, "विक्की! हितं ये बरं!"

पांढऱ्या पातळावर पिवळे ठिपके पडले होते. मोहरीएवढे, तीस-चाळीस तरी. वर माश्या भिरभिरत होत्या.

"ह्ये काय रं? हळद कुनी उडवली?"

मला माहीत होतं. मी वलवणला एका रिसॉर्टवर रिसेप्शनला बसतो. मागच्या वर्षी एका पाहुण्याच्या पांढऱ्या गाडीवर असेच ठिपके पडले आणि त्यानं तक्रारवहीत दीड पान लिहिलं. मालकांनी मग मधमाश्यांचं प्रशिक्षण देणाऱ्या रतन सरांना बोलावलं. सर म्हणाले, ही माश्यांची विष्ठा. थंडीत त्या पोटात धरून बसतात, पण घरात घाण करत नाहीत. ऊन पडलं की बाहेर येतात आणि उडता उडता मोकळ्या होतात. ठिपके पिवळे आणि पेटीपासून लांब असले तर समजायचं, घर निरोगी आहे. पेटीवरच पडायला लागले तर पोट बिघडलंय. पाहुण्याला हे समजावून सांगायचं काम माझ्याकडं आलं होतं. "नॅचरल आहे सर," एवढं सांगून मी ते पार पाडलं.

काकीलाही तेवढंच सांगायचं होतं. पण कोंबड्या समोरच त्या वाटीतून पाणी पीत होत्या. मी सरळ चेहऱ्यानं म्हणालो, "हळदच हाय की. आज त्यांच्यात हळदीकुंकू हाय. तुला बोलावलंय."

हा विनोद होता. काकी हसली नाही. तिनं एक ठिपका बोटावर घेतला, बोट कपाळापर्यंत नेलं, थांबली, आणि पदराला पुसलं.

"मंग वाण द्याया पायजे," ती म्हणाली.

वाण म्हणजे गूळ. बशीत पाण्यात कालवून, माश्या बुडू नयेत म्हणून वर काड्या टाकून, रोज पेटीपुढं. साखर का नाही, तर ती कारखान्यातली. पाहुण्यांना घरचं द्यावं. पातळ तिनं धुतलं नाही, तसंच घडी करून ट्रंकेत ठेवलं. मी गंमत बघून ड्युटीवर निघून गेलो.

पंधरा दिवसांनी सुट्टीवर आलो तर पेटीच्या दारावर तपकिरी ओघळ होते. पुढची फळी बरबटलेली, आंबूस वास येत होता. खाली मातीत काही माश्या चालत निघाल्या होत्या. पंख होते, पण त्या चालत होत्या.

काकी खुशीत होती. "बग, आता दाराला बी लावली. आपुन उंबऱ्याला लावतो तशी." आणि ओघळांशेजारी तिनं देव्हाऱ्यातल्या कुंकवाचं एक बोट टेकवलं होतं.

रतन सरांना लगेच फोन करायला हवा होता. पण सर येणार म्हणजे काकीला सगळं कळणार. म्हणून मी योग्य वेळ शोधायला लागलो. तीन दिवस शोधली. त्या तीन दिवसांत काकीनं बश्या दोन केल्या.

चौथ्या दिवशी सर आले. झाकण उघडलं, चौकटी काढून पाहिल्या. आतही तेच. "मावशी, काय देत होता यांना?"

"वाण," काकी म्हणाली. मग म्हणाली, "गूळ."

"गूळ यांना पचत नाही हो. थंडीत तर नाहीच. ही हगवण आहे."

काकीनं कुंकवाकडं पाहिलं, मग माझ्याकडं. सरांना यातलं काही माहीत नव्हतं. ते बिचारे साखरेच्या पाण्याचं प्रमाण सांगत होते.

साखरेचं पाणी दिलं. सरांनी चौकटी बदलून दिल्या. नवव्या दिवशी काकीनं पेटीला कान लावला.

"बोलंना," ती म्हणाली.

मग तिनं ट्रंकेतून पातळ काढलं आणि मोरीच्या दगडावर धुवायला घेतलं. मी म्हणालो, "काकी, ह्ये पहिले ठिपके चांगलेच व्हते. तवा त्या बऱ्या व्हत्या. आपल्या घरात सुखात व्हत्या. आईशप्पत."

"तुज्या तोंडचं आता न्हाई, विक्की." तिनं ब्रश खाली ठेवला नाही. "सायबाच्या शिक्क्याचा कागद आन. मंग मानते."

काकीनं माझ्याकडं आजवर मागितलेली ही एकमेव वस्तू. म्हणून सोमवारी वडगावला जाऊन अर्ज आवक खिडकीवर दिला. कारकुनानं तो दोनदा वाचला आणि विषय कुठल्या शाखेचा, असं विचारलं. मी म्हणालो, संकीर्ण.

मे. तहसीलदार साहेब, वडगाव मावळ यांचे सेवेशी,

विषय : हळदीचा दाखला मिळणेबाबत.

महोदय, मौजे कार्ले येथील श्रीमती हिराबाई निवृत्ती यांच्या पातळावर दिनांक २१ जानेवारी रोजी दुपारी पडलेले पिवळे ठिपके हे हळदीचेच होते व ते त्यांना रीतसर बोलावून लावण्यात आले होते, असा सही-शिक्क्याचा दाखला मिळावा. पातळ धुतले जात असल्याने स्थळपाहणी तातडीने व्हावी. हळद लावणारे सर्वजण मयत असल्याने त्यांचे जबाब घेण्याची अट शिथिल करावी, ही नम्र विनंती.