खालची फट

सुताराच्या पोटी जन्माला येऊन त्याला खिळा सरळ ठोकता येत नव्हता. तो बस चालवायचा. पण बापाला अर्धांगवायू झाला, उजवं अंग आणि वाचा दोन्ही गेली, आणि बापानं स्वतः बांधलेल्या लाकडी घराची निगा लेकाच्या गळ्यात पडली. बाहेरच्या भिंतीला एकीवर एक चढवलेल्या फळ्या होत्या आणि प्रत्येकीच्या खालच्या कडेला बारीक फट. तिथूनच बापाच्या खाटेवर गार वारा येतो, असं त्याच्या मनानं घेतलं. सुट्टीच्या दिवशी शिडी लावून त्यानं एकूण एक फट सिलिकॉननं बुजवली आणि वरून रंगाचे दोन हात दिले.

"बाबांचा मुलगा शोभता हो!" बायको म्हणाली. गडी दिवसभर हवेत होता.

पाऊस लागला आणि म्हातारा भिंत वाजवू लागला. चालत्या डाव्या हातानं एकदा वर, ठक. एकदा खाली, भद. मग बोट खाली दाखवायचं आणि पुन्हा पहिल्यापासून. लेक लघवीचं भांडं घेऊन धावायचा. म्हातारा डोळे मिटून घ्यायचा. त्यात खोकला वाढला. डॉक्टर म्हणाले, छाती भरलीय, खोलीत ओल नको.

"ओल? अहो, मुंगी शिरायला जागा ठेवली नाही मी!" लेक म्हणाला.

पहाटेची पाळी करून दुपारी पाठ टेकावी, तर शेजारच्या खोलीतून ठक, भद. एक दिवस त्याचं डोकं फिरलं. "बाबा, माणसाला जगू द्याल की नाही?" म्हणत त्यानं तो हात टॉवेलनं खाटेच्या काठाला बांधून टाकला. गाठ सैलच मारली, तेवढी माया होती. बायकोनं खोलीचं दार लोटून घेतलं. झोप तिलाही हवी होती.

आठवड्यानं बाहेरच्या रंगाला फोड दिसले. बापाची पटाशी घेऊन तो खरवडायला गेला, तर पटाशी मुठीपर्यंत आत गेली. त्यानं सिलिकॉनची पट्टी ओढून काढली. काळं पाणी त्याच्या मनगटावरून कोपरापर्यंत ओघळलं. फळीमागे बुरशी होती, ओला भुसा होता, थेट खाटेच्या उशीपर्यंत.

लहानपणी त्यानं विचारलं होतं, या फटी कशाला?

"अरे, घरालासुद्धा मुतायची सोय लागते," बाप हसला होता. "आत शिरलेलं पाणी जाणार कुठं?"

तो तसाच, चिखलाच्या पायांनी आत धावला. गाठ सोडली. "बाबा, कळलं मला. चुकलो मी. वाजवा, हवं तेवढं वाजवा."

म्हाताऱ्याच्या छातीत घरघर चालू होती. लेकानं त्याचा हात उचलून भिंतीवर ठेवला. तो भिंतीवरून घसरला आणि टॉवेल होता त्याच जागी जाऊन पडला.