व्हेर्नाकचा मालक

"व्हेर्निउस नावाचा कुणी रोमन इथे कधी नव्हताच," असं सोलेन मार्शादिए सहज बोलून गेली, तेव्हा गावचा नळवाला आन्सेल्म बार्नाबे तिच्या स्वयंपाकघरात बेसिनखाली उताणा पडला होता आणि त्याच्या तोंडात टॉर्च होती. त्यामुळे त्याला काही बोलता आलं नाही. 

सोलेन विद्यापीठात गावांच्या नावांचा अभ्यास करायची. वर्षभरासाठी तिने व्हेर्नाक या लहानशा फ्रेंच गावात टपाल कचेरीमागचं घर भाड्याने घेतलं होतं. गावाच्या मेयरबाई ओदिल तेसेद्र यांनी लगेच तिला कामाला जुंपलं. वेशीवर फलक लावायचा होता, त्यावर गावाचं नाव कुठून आलं ते चार ओळींत लिहून हवं होतं. पोरगी हुशार होती, बोलकी होती, आणि ऐकणारा माणूस बेसिनखाली अडकलेला होता. तिने सगळंच सांगून टाकलं. शेवटचं 'आक' लॅटिनने इथल्या जुन्या भाषेकडून उचललेलं, यात वाद नाही. त्याचा अर्थ अमक्याची जागा. या भागातली किती तरी गावं अशी जुन्या रोमन जमीनदारांच्या नावांनी ओळखली जातात. पण 'व्हेर्न' हे माणसाचं नाव नव्हे. लॅटिन इथे पोचायच्याही आधीपासून लोक ओढ्याकाठच्या ऑल्डरच्या झाडांना व्हेर्न म्हणायचे. त्या झाडांची जागा ती व्हेर्नाक.

"नदीपलीकडच्या साल्विन्याकला मात्र खरंच एक साल्विनिउस होता हं," ती म्हणाली. "त्यात काही शंकाच नाही."

हे म्हणजे जखमेवर मीठ चोळणं झालं. साल्विन्याकच्या लोकांशी व्हेर्नाकचं फुटबॉलवरून, पुलावरून, पावाच्या भावावरून कशावरूनच पटत नसे. आन्सेल्मने वॉशर बसवला, टॉर्च खिशात टाकली, "आता टपकणार नाही, मादमोआझेल," एवढंच म्हणाला आणि पान्हा तिथेच विसरून बाहेर पडला.

बिचारीला कल्पना नव्हती की बेसिनखाली पडला होता तोच व्हेर्निउस.

ही सगळी गावच्या शाळेतल्या जुन्या लाकाझमास्तरांची करणी. मास्तरांना रोमचं वेड. गावातली पोरं गावठी बोलीत बोलली की छडी मारायचे, आणि लॅटिनचा एखादा शब्द निघाला की त्यांचे डोळे भरून यायचे. कुठल्याशा जाड पुस्तकात त्यांना व्हेर्निउस हे नाव सापडलं आणि गावाचा संस्थापक मिळाला. मग ऑगस्टच्या जत्रेत प्रथा पडली. व्हेर्निउस गाडीवर उभा राहून चौकात येणार, 'ही जमीन माझी' म्हणणार, आणि वर्षभरात गावात जे कुणी नवीन आलं असेल, म्हणजे घर घेऊन, लग्न करून किंवा जन्माला येऊन, त्यांना रांगेत उभं करून तीन प्रश्न विचारणार. कोण तू, कुठून आलास, इथे काय करणार. उत्तरं दिली की त्या माणसाच्या नावाला 'आक' जोडून एक दगडी पाटी त्याच्या हातात द्यायची. त्याने ती दारावर लावायची. मारीआक, झोझेफाक, तेरेझाक अशा पाट्या आता निम्म्या गावाच्या दारांवर आहेत. घराचं खरेदीखत वकिलाकडे होतं, पण पाटी मिळाल्याशिवाय माणूस गावाचा झाला असं कुणी धरत नाही.

पहिला व्हेर्निउस गावचा डॉक्टर होता. त्याची पाठ धरली त्या वर्षी मास्तरांनी चौकात नजर फिरवली, तर आन्सेल्म कारंजातला गाळ काढत बसलेला. "तू ये, तुझा आवाज मोठा आहे," मास्तर म्हणाले. त्याला जुन्या नाट्यगृहाचा लाल पडदा गुंडाळला आणि डोक्यावर तमालपत्रासारख्या लॉरेलच्या पानांचा मुकुट चढवला. तेव्हापासून आजवर दर वर्षी तोच. मुकुटाची पानं दुसऱ्या दिवशी उगेतच्या खानावळीत रश्श्यात पडतात. उगेतचं वय ऐंशीच्या पुढे आहे आणि ती काहीच वाया घालवत नाही.

सगळं गाव त्याला 'मालक' म्हणे. मालक, मोरी तुंबलीय. मालक, बॉयलर खोकतोय. तो हसून जाई. पण ही त्याच्यासाठी नुसती गंमत नव्हती. तो सहा वर्षांचा असताना अनाथालयाच्या बाईने त्याला देलपेश कुटुंबाच्या शेतावर आणून सोडलं होतं. आईबापांचा पत्ता नव्हता, म्हणून आडनावाच्या जागी कुणा कारकुनाने संतांच्या नावांतलं बार्नाबे हे आणखी एक नाव चिकटवून दिलं होतं. देलपेश माणसं वाईट नव्हती, पोटभर खाऊ घालत. शाळेतली पोरं मात्र विचारत, "कुणाचा रे तू?" आणि त्याच्याकडे उत्तर नसे. पुढे एकदा लग्न जमत आलं होतं, तिथेही मुलीच्या बापाने हाच प्रश्न जरा सभ्य शब्दांत विचारला. ते राहिलं ते राहिलंच. अशा, स्वतःच्या दारावर पाटी नसलेल्या माणसाला वर्षातून एकदा भर चौकात 'हे माझं' म्हणायला मिळत होतं, आणि म्हटलेलं सगळे ऐकून घेत होते. आता तो व्हेर्निउसच नव्हता म्हटल्यावर गाडीवर उभं राहायचं ते कुणी आणि कोणत्या तोंडाने?

दुपारी उगेतच्या खानावळीत त्याने हे सांगितलं तेव्हा उगेत वाटाणे सोलत होती. तिचा हात थांबला.

"व्हेर्न," ती म्हणाली. "अरे, माझी आजी त्या झाडांना व्हेर्नच म्हणायची. ओढ्यावर जाते, व्हेर्नाखाली बसते, असं."

"मग इतकी वर्षं बोलली का नाहीस?"

"शाळेत बोलले की. मास्तरांनी हातावर दिली दोन. मग विसरून गेले."

खानावळीत बसलेल्या आणखी दोन-तीन म्हाताऱ्यांनी माना हलवल्या. त्यांच्याही आज्या व्हेर्नच म्हणायच्या. सगळ्या गावाला ठाऊक असलेली गोष्ट सगळ्या गावाने छडीच्या धाकाने विसरून टाकली होती, आणि तिच्या जागी एक उपरा रोमन आणून बसवला होता. यावर आधी कुणाला हसू आलं, मग सगळ्यांनाच आलं. आन्सेल्मही हसला, पण ग्लासातली वाइन त्याने तशीच ठेवली, हे उगेतच्या नजरेतून सुटलं नाही.

तेवढ्यात सोलेन पान्हा परत द्यायला आली. 

"या," उगेत म्हणाली. "हे व्हेर्निउस. सकाळी तुम्ही मारलंत ते हेच."

सोलेनला सगळा प्रकार कळला तेव्हा ती कानापर्यंत लाल झाली. बसू की जाऊ असं झालं तिला. फलकावर 'कदाचित' असा शब्द घालता येईल, म्हणाली. काही जुन्या अभ्यासकांच्या मते रोमन जमीनदारावरून, असंही लिहिता येईल. आन्सेल्मला ती पोर आवडली ती त्या क्षणी. आपल्यासाठी ती स्वतःच्या विद्येला मुरड घालायला निघाली होती.

"नको," तो म्हणाला. "झाडं आहेत ना ओढ्यावर? मग झाडंच लिहा."

मेयरबाईंना ही बातमी कळायला फार वेळ लागला नाही. ओदिल तेसेद्र उत्साही बाई, जत्रा आठवड्यावर आलेली. त्या तडक आन्सेल्मच्या घरी गेल्या आणि म्हणाल्या की घाबरायचं काही कारण नाही, या वर्षी तू झाड हो. हिरवं कापड आणू, फांद्या बांधू, पोरांना आवडेल.

"आणि प्रश्न कोण विचारणार?" आन्सेल्म म्हणाला. "झाड?"

"म्हणजे झाडाच्या आतून तूच."

"ओदिल, मला अनाथ म्हण, नळवाला म्हण. झाड म्हणू नकोस."

ओदिलबाईंनी हात टेकले. मग ठरलं की पुढच्या वर्षी काय ते बघू, या वर्षी व्हेर्निउसनेच यावं आणि फलकाचं उद्घाटन जत्रेनंतर गुपचूप व्हावं, म्हणजे साल्विन्याकच्या लोकांना दात काढायला मिळणार नाहीत. गावात दोन तट पडले. रोमन हवा म्हणणारे आणि खरं ते खरं म्हणणारे. दोघेही रस्त्यात आन्सेल्मला थांबवून त्याच्या पाठीवर थाप मारत आणि तो दोघांनाही बरं म्हणे. संध्याकाळी मात्र तो ओढ्यावर जाऊन बसे. ओली मुळं पाण्यात सोडून उभी असलेली ती काळी, साधीसुधी झाडं. जन्मभर त्यांच्याखालून पाइप टाकत आला होता, मान वर करून कधी पाहिलं नव्हतं. त्यांच्यावर राग धरणं त्याला काही जमेना.

जत्रेच्या रविवारी चौकात पाय ठेवायला जागा नव्हती. मोठ्या कढईत बटाटा आणि चीजचा आलिगो घोटला जात होता, दोन माणसं घामाघूम होऊन तो ओढत होती. ट्रॅक्टरच्या मागे गाडी, गाडीवर लाल पडद्यात आन्सेल्म, डोक्यावर पानं. नेहमीसारख्या टाळ्या पडल्या. समोर नवीन आलेल्यांची रांग उभी होती: गिरणीचं घर घेतलेलं यॉप आणि विल्मा हे डच जोडपं, दोन महिन्यांच्या लेकीला छातीशी धरलेली पाववाल्याची सून, आणि शेवटी सोलेन, कारण गावात वर्षभर राहणार म्हणजे तीही आलीच.

आन्सेल्मने हात वर केला. 'ही जमीन माझी' म्हणायचं होतं. हात तसाच वर राहिला. ट्रॅक्टरवाल्याने मागे वळून पाहिलं.

"मंडळी," तो म्हणाला, "एक गोष्ट सांगतो, ती नदीपलीकडे जाऊ देऊ नका. व्हेर्निउस कधी नव्हता. मास्तरांनी प्रेमापोटी आणला आणि मी तो वापरला. ओढ्यावर झाडं होती, तेवढंच खरं. म्हणजे या गावाला पहिला मालक कधी नव्हताच. सगळेच कुठून ना कुठून आलेले. कुणी आधी, कुणी नंतर."

मग त्याने मुकुट काढला. लाल पडदा काढला, नीट घडी घातली आणि गाडीवर ठेवला. आत त्याची रोजची निळी विजार आणि सदरा होता. तो सावकाश खाली उतरला आणि रांगेत जाऊन सोलेनच्या मागे उभा राहिला.

 ट्रॅक्टरवाल्याने इंजिन बंद केलं. आता विचारणार कोण, हे कुणालाच कळेना. ओदिलबाई स्वतःच्या बुटांकडे बघू लागल्या. शेवटी उगेत अ‍ॅप्रनला हात पुसत पुढे आली आणि डच माणसाला म्हणाली, "ढकल मला वर." यॉपने तिला ढकललं. कुणी तिच्या खांद्यावर पडदा घालायला गेलं तर तिने तो झिडकारला. तिला उकडत होतं.

यॉप आणि विल्माने आपापली उत्तरं मोडक्या फ्रेंचमध्ये दिली आणि पाट्या घेतल्या. पाववाल्याच्या नातीची उत्तरं तिच्या आईने दिली. कुठून आलीस, यावर आईने सरळ स्वतःच्या पोटाकडे बोट दाखवलं. सोलेनला उगेतने विचारलं, इथे काय करणार?

"आधी विचारीन, मग लिहीन," सोलेन म्हणाली. लोक मनापासून हसले आणि सोलेनाक पाटी घेऊन बाजूला झाली.

मग आन्सेल्म पुढे आला.

"कोण तू?"

"आन्सेल्म."

"कुठून आलास?"

हा प्रश्न त्याने स्वतः किती जणांना विचारला होता. प्रत्येकाने काहीतरी सांगितलं होतं.  शाळेच्या अंगणात उभं असल्यासारखं त्याला वाटलं, पण कुणी हसत नव्हतं.

"माहीत नाही, उगेत," तो म्हणाला.

"बरं," उगेत म्हणाली, जणू हेही एक गाव असावं. "इथे काय करणार?"

"नळ बघतो ना. तेच बघत राहीन."

"बघ. माझी मोरी अजून तुंबते." तिने पाटीसाठी मागे हात घातला. "आन्सेल्माक. घे रे मालका."

पण द्यायला पाटी नव्हती. दर वर्षी पाट्या आन्सेल्मच रंगवायचा, आणि त्याने लागतील तेवढ्याच रंगवल्या होत्या. उगेतने कुणाला तरी खानावळीतून जेवणाची पाटी आणायला पिटाळलं. खडूने त्या दिवशीचे पदार्थ लिहिलेली, ट्राउट मासा, मसूर, जर्दाळूचा केक. तिने ती अ‍ॅप्रनने पुसली, मांडीवर घेतली आणि जीभ बाहेर काढून, शाळकरी मुलीसारखी, मोठ्या अक्षरांत नाव लिहिलं. आन्सेल्मने ती दोन्ही हातांनी घेतली. तो रडला, आणि ते लपवायला पडदाही अंगावर नव्हता.

उगेतने ती पाटी परत मागितली नाही. ऑगस्ट संपेपर्यंत तिच्या खानावळीत आज काय आहे, ते गिऱ्हाइकांना तिलाच विचारावं लागे, आणि ती प्रत्येकाला वेगळं सांगे.

बाकीच्या पाट्या दारांवर बाहेर आहेत. आन्सेल्मची आत आहे, स्वयंपाकघरात, जेवायच्या टेबलासमोर. रंगाने गिरवून घे आणि बाहेर लाव, असं ओदिलबाईंनी दोनदा सुचवून पाहिलं. तो नको म्हणाला. उगेतचं अक्षर आहे, म्हणाला, आणि बाहेर पाऊस लागतो.